मला चांगलं आठवतंय!

'मला चांगलं आठवतंय' हे आपल्या भाषेतलं सगळ्यात धोकादायक वाक्य आहे, असं माझं हल्ली ठाम मत होत चाललंय. 'मी तुला तेव्हाच सांगितलं होतं' हे दुसऱ्या नंबरवर. ही दोन वाक्यं ज्या घरात रोज बोलली जातात तिथे शांतता नांदणं अवघड, आणि ज्या टीममध्ये बोलली जातात तिथलं रिलीज वेळेवर जाणं त्याहून अवघड.

कारण साधं आहे. हे वाक्य बोलणारा माणूस बहुतेक वेळा खोटं बोलत नसतो. खोटं बोलत असता तर एकवेळ परवडलं असतं, खोटं पकडता येतं. हा बिचारा मनापासून, छातीठोकपणे, देवाशप्पथ चुकत असतो. आणि समोरचाही तितक्याच छातीठोकपणे दुसरंच काहीतरी सांगत असतो. मग दोघांनाही एकच निष्कर्ष दिसतो, तो म्हणजे 'हा माणूस खोटारडा आहे'. तिथून पुढे काय होतं ते आपण सगळ्यांनीच कुठे ना कुठे पाहिलंय.

तर या विकांताचा विषय आठवणी. आधीच सांगून टाकतो, मी काही मानसशास्त्रज्ञ नाही, पोटापाण्यासाठी कोड लिहितो. पण या विषयावर मिळेल ते वाचायचं वेड आहे, आणि वाचून वाचून जे मत झालंय ते मांडतोय. मत असं की आठवण हा पुरावा नव्हे. आठवण म्हणजे आपल्याच मनाने भूतकाळाबद्दल आज दिलेलं मत. मत म्हणून ती जरूर ऐकावी, मान द्यावा, पण तिच्या जोरावर कुणाला खोटं पाडू नये, फाशी तर मुळीच देऊ नये. (अतिशयोक्ती वाटतेय? थांबा, कोर्टापर्यंत येणारच आहे.)

आम्हा संगणकवाल्यांनी या बाबतीत लोकांचा जरा घोटाळाच करून ठेवलाय. 'मेमरी' हा शब्द आम्ही चिपला दिला आणि तेव्हापासून पब्लिकला वाटतं की डोक्यातही तसंच काहीतरी असणार. एक फाइल सेव्ह झाली, फोल्डरमध्ये पडून राहिली, हवी तेव्हा डबल क्लिक करून उघडली. फार तर काय होईल, तर फाइल सापडणार नाही किंवा करप्ट होईल. पण उघडली तर आतला मजकूर तोच असणार, नाही का?

नाही! केंब्रिजच्या फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ सालीच हे दाखवून दिलं होतं. त्यांनी इंग्रज विद्यार्थ्यांना उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांची एक विचित्रशी लोककथा वाचायला दिली आणि मग काही काळाने, पुन्हा काही काळाने, ती आठवून लिहायला सांगितली. दर खेपेला गोष्ट लहान झाली, आणि 'इंग्रजी' होत गेली. कनूची साधी होडी झाली. इंग्रज मनाला न पटणारे भुताखेतांचे तुकडे गळून पडले, आणि त्यांच्या जागी इंग्रज मनाला पटेल अशी पदरची भर पडली. बार्टलेट यांचा निष्कर्ष असा की आठवणं म्हणजे साठवलेलं बाहेर काढणं नव्हे, दर वेळी नव्याने रचणं. थोडे मूळ अवशेष आणि बाकी आपले समज, सवयी, आजची मनःस्थिती.

संगणकाचीच उपमा द्यायची असेल तर मी हार्ड डिस्कऐवजी डीरॅमची देईन. डीरॅममधला प्रत्येक बिट म्हणजे एका चिमुकल्या कपॅसिटरमधला विद्युतभार. तो वाचायला गेलं की भार निघून जातो, म्हणजे तिथे वाचणं हेच पुसणं असतं. म्हणून प्रत्येक वाचनानंतर सर्किट तीच किंमत परत त्या जागी लिहून ठेवतं. मेंदूतही काहीसं असंच होत असावं असं सुचवणारा एक गाजलेला प्रयोग करीम नादर, ग्लेन शेफ आणि जोसेफ लडू यांनी २००० साली प्रसिद्ध केला. उंदरांना एका आवाजाबरोबर विजेचा झटका द्यायचा, म्हणजे तो आवाज ऐकताच उंदीर घाबरून थिजायला शिकतात. मग पुन्हा तो आवाज ऐकवून भीतीची आठवण जागी करायची आणि लगेच मेंदूतल्या अमिग्डालामध्ये नवी प्रथिनं बनू न देणारं औषध सोडायचं. दुसऱ्या दिवशी बघतात तर उंदरांची भीती बरीचशी गायब! आठवण जागी न करता तेच औषध दिलं तर मात्र काही फरक नाही. म्हणजे आठवण 'वाचली' की ती काही तास ओल्या सिमेंटसारखी असते आणि पुन्हा पक्की व्हावी लागते. आता उंदरांवरून थेट माणसावर उडी मारू नये, आणि सगळ्याच आठवणी इतक्या सहज हलत नाहीत हेही पुढच्या प्रयोगांत दिसलं. पण माझ्यासारख्याला मोह होतोच. डीरॅम तीच किंमत परत लिहितं. आपण मात्र परत लिहिताना हळूच एखादं विशेषण बदलतो. व्हर्जन कंट्रोल नाही, डिफ नाही, जुनी कॉपी कायमची गेली. आणि गंमत म्हणजे फाइल बदलल्याची कुठलीही सूचना येत नाही.

इथे लोक म्हणतात, ठीक आहे, फालतू गोष्टींच्या बाबतीत असेल तसं. पण काही प्रसंग काळजावर कोरलेले असतात, त्यांचं काय? मुंबईकरांना २६ जुलै २००५ विचारा. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस! त्या रात्री कोण कुठे अडकला, कोण कसा घरी पोचला, हे प्रत्येकाला 'लख्ख' आठवतं. माझे दोन मित्र त्या रात्री अंधेरीहून बोरिवलीपर्यंत एकत्र चालत गेले होते. एकाच्या आठवणीत मालाडला एका दुकानदाराने त्यांना चहा-बिस्किटं दिली. दुसऱ्याच्या आठवणीत ते कांदिवली होतं, दुकान नव्हतंच, एका सोसायटीचं गेट होतं, आणि चहाही नव्हता, वडापाव होता. दर जुलैमध्ये आम्ही भेटलो की हा वाद ठरलेला. दोघांचीही गोष्ट वर्षागणिक जास्त चित्रमय होत चाललीय, आणि दोघेही दरवर्षी आधीपेक्षा जास्त ठाम. :-)

अशा 'काळजावर कोरलेल्या' आठवणींना मानसशास्त्रात 'फ्लॅशबल्ब' आठवणी म्हणतात. १९७७ साली ब्राउन आणि कुलिक यांनी हे नाव दिलं. कल्पना अशी की धक्कादायक बातमी आली की मेंदूचा फ्लॅश पेटतो आणि फोटो निघतो. मग २८ जानेवारी १९८६ रोजी चॅलेंजर यान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत आकाशात नष्ट झालं, आणि एमरी विद्यापीठातल्या उलरिक नायसर यांना ही कल्पना तपासायची संधी दिसली. त्यांनी दुसऱ्याच दिवशी सकाळी वर्गातल्या विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलं: बातमी कळली तेव्हा तू कुठे होतास, कुणी सांगितलं, काय करत होतास. कागद कपाटात ठेवून दिले. अडीच वर्षांहून अधिक काळ गेल्यावर त्यातल्या ४४ जणांना तेच प्रश्न पुन्हा विचारले. सुमारे एक चतुर्थांश विद्यार्थ्यांचं प्रत्येक मुख्य उत्तर चुकलेलं निघालं. म्हणजे जागा चुकीची, माणूस चुकीचा, काय करत होतो तेही चुकीचं. आणि खात्री मात्र भरभक्कम! पुढचा भाग तर मला सगळ्यात भारी वाटतो. त्यांना त्यांच्याच हस्ताक्षरातले जुने कागद दाखवले तरी मूळ आठवण परत आली नाही. नवी आठवण जुनीच्या उरावर बसली होती आणि ती हलायला तयार नव्हती.

११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर ड्यूक विद्यापीठातल्या जेनिफर टॅलरिको आणि डेव्हिड रुबिन यांनी आणखी हुशारी केली. दुसऱ्याच दिवशी ५४ विद्यार्थ्यांकडून दोन आठवणी लिहून घेतल्या. एक हल्ल्याची बातमी कळल्याची, आणि दुसरी त्याच दिवसांतल्या एखाद्या रोजच्या साध्या प्रसंगाची. मग कुणाला आठवड्याने, कुणाला ६ आठवड्यांनी, कुणाला ३२ आठवड्यांनी पुन्हा विचारलं. तपशील गळण्याचा आणि बदलण्याचा वेग दोन्ही आठवणींचा साधारण सारखाच निघाला! फरक एवढाच की साध्या प्रसंगाबद्दल लोकांची खात्रीही हळूहळू कमी झाली, हल्ल्याच्या आठवणीबद्दल मात्र खात्री तशीच राहिली.

हे नीट समजून घ्या, कारण सगळी मेख इथे आहे. तीव्र भावना आठवणीवर 'महत्त्वाचे' असा शिक्का मारते. शिक्का खरा असतो. पण शिक्का मारला म्हणजे आतला मजकूर तपासून सही केली असं नव्हे. आपण मात्र शिक्का बघून मजकुरावर विश्वास ठेवतो. म्हणून ज्या प्रसंगांवरून आपण सगळ्यात जास्त भांडतो, म्हणजे अपमान, भांडणं, मृत्यू, वाटण्या, त्याच प्रसंगांच्या बाबतीत आपली खात्री सगळ्यात फसवी असते.

असो. आता जरा घरात येऊ. नवरा-बायको दोघेही नोकरी करणारे. दोघांना वेगवेगळं विचारा की घरातल्या कामांपैकी किती टक्के तू करतोस किंवा करतेस? आणि उत्तरांची बेरीज करा. १९७९ साली मायकेल रॉस आणि फिओरे सिकोली यांनी जोडप्यांना असंच विचारलं, तर बेरीज बहुतेक ठिकाणी १०० च्या वर गेली. आता तुम्ही म्हणाल त्यात काय नवल, सगळेच फुशारकी मारतात. पण घरातली भांडणं कोण उकरून काढतं, असल्या वाईट गोष्टींचा वाटाही लोक स्वतःकडे जास्त घेताना दिसले! म्हणजे प्रश्न नुसत्या अहंकाराचा नाही. मी भांडी घासली तेव्हा मी तिथे होतो, कंबर माझी दुखली. तिने गॅसचा नंबर लावला, लेकीच्या शाळेची फी भरली, सासूबाईंच्या गोळ्या आणल्या, तेव्हा मी तिथे नव्हतोच. माझ्या लॉगमध्ये त्याची एंट्रीच नाही. जे आठवत नाही ते 'झालंच नाही' असं धरून मन टक्केवारी काढतं. (हे सगळं मान्य करूनही सांगतो, आपल्याकडच्या बहुसंख्य घरांत बाईच जास्त करते. तिथे आठवणींच्या गणिताची ढाल करून कुणी सुटू नये!)

हापिसातही हेच. माझ्या एका जुन्या टीममध्ये एका शुक्रवारी रात्री प्रॉडक्शन झोपलं. सोमवारी मीटिंग. एक म्हणतो, 'मी डिप्लॉय करायच्या आधी तुला विचारलं होतं, तू हो म्हणालास.' दुसरा म्हणतो, 'तू विचारलंस ते डिप्लॉय करून झाल्यावर. मला चांगलं आठवतंय, मी तेव्हा जेवत होतो.' दोघेही सज्जन, दोघेही हुशार, आणि अर्ध्या तासात दोघेही लालबुंद. शेवटी कुणीतरी लॉग काढले. डिप्लॉयच्या ४० मिनिटं आधीच एक कॉन्फिगरेशन तिसऱ्याच कुणाच्या तरी स्क्रिप्टने बदललं होतं. ज्यावरून दोघं भांडत होते त्याचा बिघाडाशी संबंधच नव्हता! पण त्या दोघांचं नातं त्यानंतर पूर्वीसारखं राहिलं नाही. लॉगमुळे बिघाड कळला, मनातला 'हा आपल्यावर ढकलतो' हा ग्रह मात्र तसाच राहिला.

मीटिंगबद्दल अजून एक. मायका एडेल्सन आणि सहकाऱ्यांनी २०११ साली एक प्रयोग केला. लोकांना एक माहितीपट दाखवला, काही दिवसांनी त्यावर प्रश्न विचारले. मग 'तुमच्याबरोबरच्या इतरांनी हे उत्तर दिलंय' असं सांगून जाणूनबुजून चुकीची उत्तरं दाखवली. आधी बरोबर उत्तर दिलेल्या लोकांनीही मोठ्या प्रमाणावर आपली उत्तरं बदलली. एवढ्यावर थांबलं असतं तर म्हटलं असतं, भिडेपोटी मान डोलावली. पण नंतर 'ती उत्तरं खोटी होती' असं सांगून पुन्हा विचारलं, तेव्हाही बऱ्याच वेळा चूक कायम राहिली. म्हणजे गटाचं दडपण नुसतं तोंडावर येत नाही, ते आठवणीत मुरतं. आता तुमच्या मीटिंगमध्ये सगळ्यात आधी कोण बोलतं ते आठवा. साहेब! साहेबांनी 'म्हणजे झालं असं की' म्हणून सुरुवात केली, की खोलीतल्या बाकीच्यांच्या आठवणी त्या साच्यात वितळायला लागतात. आणि मिनिट्स लिहायचं काम ज्याच्याकडे, त्याची आठवण इतिहास म्हणून नोंदली जाते.

घर आणि हापिस ठीक आहे हो, तिथे फार तर अबोला होतो. कोर्टात माणूस तुरुंगात जातो.

जुलै १९८४. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात बर्लिंग्टन या गावी जेनिफर थॉम्प्सन या कॉलेजात शिकणाऱ्या तरुणीवर घरात घुसून बलात्कार झाला. त्या भयानक वेळातही ती त्याचा चेहरा मुद्दाम निरखत राहिली, वाचले तर याला ओळखायचंच, असं ठरवून. पोलिसांनी फोटो दाखवले तेव्हा तिने काही मिनिटं घेतली आणि मग एक फोटो निवडला, रोनाल्ड कॉटनचा. पुढे प्रत्यक्ष ओळखपरेड झाली. फोटोंतल्या लोकांपैकी परेडमध्येही असलेला एकटा कॉटनच होता. तिने पुन्हा त्यालाच निवडलं. फोटोतही तू याचीच निवड केली होतीस, असं तिला सांगण्यात आलं. सुरुवातीचा तो अडखळलेपणा पुसला गेला, आणि कोर्टात उभी राहिली तेव्हा तिला पूर्ण, शंभर टक्के खात्री होती. कॉटनला जन्मठेप झाली. १९८७ साली दुसऱ्यांदा खटला चालला. खरा गुन्हेगार बॉबी पूल तेव्हा त्याच तुरुंगव्यवस्थेत होता, त्याला तिच्यासमोर आणलं गेलं. तिने त्याला ओळखलं नाही. तोपर्यंत त्या रात्रीच्या आठवणीत कॉटनचा चेहरा बसला होता. १९९५ साली डीएनए चाचणीत कॉटन निर्दोष ठरला. आयुष्यातली दहा वर्षं तुरुंगात गेली होती.

यात खलनायिका कोण? कुणीच नाही. तिने प्रामाणिकपणाची पराकाष्ठा केली होती. पुढे दोघं भेटले, त्यांची मैत्री झाली, २००९ साली दोघांनी मिळून पुस्तक लिहिलं आणि ओळखपरेडच्या पद्धती बदलाव्यात म्हणून ते एकत्र फिरले. अमेरिकेत डीएनए चाचणीमुळे निर्दोष सुटलेल्या लोकांच्या खटल्यांत निम्म्याहून बऱ्याच जास्त ठिकाणी साक्षीदाराने चुकीचा माणूस ओळखल्याचं आढळलं. कॉटनची केस अपवाद नव्हती.

आपल्याकडे तर याच्या पुढची मजल मारली गेली. पुण्यात! जून २००८ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका एमबीएच्या विद्यार्थिनीला तिच्या पूर्वीच्या वाग्दत्त वराच्या खुनाबद्दल जन्मठेप सुनावली. प्रसादातून आर्सेनिक दिल्याचा आरोप होता. निकालात आधार धरलेल्या गोष्टींपैकी एक होती मेंदूच्या विद्युतलहरींची 'बीईओएस' नावाची चाचणी. डोक्याला इलेक्ट्रोड लावायचे, आरोपीने गप्प बसायचं, आणि गुन्ह्याबद्दलची वाक्यं एकामागून एक ऐकवायची. मेंदूचा आलेख बघून सॉफ्टवेअर सांगणार की ही गोष्ट आरोपीला नुसती माहीत आहे, की तिने ती 'अनुभवली' आहे! जगभरच्या वर्तमानपत्रांत बातमी झळकली. बघा, म्हणजे तोच हार्ड डिस्कचा गैरसमज, कोर्टाच्या शिक्क्यासह. आत कुठेतरी अनुभवाची शुद्ध फाइल आहे आणि यंत्राने ती वाचता येते. पण जे आपण वारंवार कल्पनेत पाहिलं, ज्याबद्दल पोलिसांनी शंभरदा विचारलं, तेही कालांतराने 'अनुभवल्यासारखं' वाटायला लागतं, त्याचं काय? सुदैवाने ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या निकालात नार्को, पॉलिग्राफ आणि मेंदूच्या असल्या चाचण्या माणसाच्या संमतीशिवाय करता येणार नाहीत असं स्पष्ट केलं, आणि संमतीने केल्या तरी त्यांचे निष्कर्ष थेट पुरावा धरता येणार नाहीत असंही. मला हा निकाल फार महत्त्वाचा वाटतो. आणि तरीही एखादी गाजलेली केस झाली की टीव्हीवर 'करा नार्को' अशी ओरड आजही होतेच.

इथपर्यंत वाचून दोन आक्षेप तुमच्या मनात आले असतील. माझ्याही आले होते.

पहिला आक्षेप: आठवण इतकी भिकार असेल तर आपण जगतो कसे? उत्तर असं की ती भिकार नाहीच, ती आपल्याला वाटतं त्या कामासाठी बनलेलीच नाही. लंडनमध्ये डेमिस हसाबिस (हो, तोच, नंतर डीपमाइंड काढणारा आणि २०२४ चं नोबेल मिळवणारा) आणि सहकाऱ्यांनी २००७ साली हिप्पोकॅम्पसला इजा झालेल्या रुग्णांचा अभ्यास केला. त्यांना जुनं आठवत नव्हतं, हे अपेक्षित होतं. पण 'समजा तुम्ही एका सुंदर समुद्रकिनाऱ्यावर आहात, वर्णन करा' म्हटलं तर तेही बहुतेकांना धड जमेना. म्हणजे भूतकाळ रचणारा आणि भविष्य कल्पणारा कारखाना बराचसा एकच आहे. जुने सुटे भाग उचकटून नवीन जोडता येतात म्हणून आपण उद्याचा विचार करू शकतो. त्याची किंमत अशी की काल जोडतानाही भाग इकडचे तिकडे होतात. उलट ज्याला सगळंच आठवतं त्याचे हाल वेगळे. रशियन मानसशास्त्रज्ञ लुरिया यांनी असा एक माणूस तीसेक वर्षं अभ्यासला. त्याला आकड्यांचे तक्ते वर्षांनंतर जसेच्या तसे आठवायचे, पण साध्या उताऱ्याचा अर्थ लावताना तो तपशिलांत बुडून जायचा. विसरणं आणि बदलणं हा बग नाही, फीचर आहे. फक्त त्या फीचरकडून ऑडिट ट्रेलची अपेक्षा करू नका.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. 'आठवणी चुकतात' हे वाक्य हत्यार म्हणूनही वापरता येतं. 'असं मी बोललोच नव्हतो, तुझा काहीतरी गैरसमज झालाय' असं सांगून सांगून समोरच्याला स्वतःच्या डोक्याबद्दलच शंका यायला लावायची, याला हल्ली गॅसलायटिंग म्हणतात. आणि हे करणारा बहुधा वरच्या खुर्चीतला असतो, सहन करणारा खालचा. तेव्हा स्पष्ट सांगतो. माझं म्हणणं 'तुझी आठवण चूक आहे' असं नाही. माझं म्हणणं 'माझीही असू शकते' असं आहे. हे वाक्य फक्त स्वतःला उद्देशून वापरायचं असतं. दुसऱ्याच्या तोंडावर फेकलं की त्याचं विष होतं. शिवाय काय चुकतं हेही बघा. एमरीच्या एकाही विद्यार्थ्याला चॅलेंजर सुखरूप उतरलं असं आठवलं नव्हतं. जेनिफरवर अत्याचार झाला होता, हे सत्यच होतं. गाभा बहुतेक वेळा टिकतो. घसरतात ते तपशील, क्रम, कोण काय शब्दांत म्हणालं ते, आणि कधीकधी चेहरेसुद्धा. दुखावलेल्या माणसाचं दुखणं खरं धरा, तारीख-वेळ नंतर तपासा.

तिसरा आक्षेप नाही, पण एक पळवाट बरेच जण सुचवतात: आता सगळं व्हॉट्सॲपवर आहे, वाद कसला, स्क्रीनशॉट काढा! हापिसात जरूर काढा. घरात मात्र सांभाळून. चॅटमध्ये शब्द राहतात, आवाज राहत नाही. 'ठीक आहे' हे दोन शब्द हसून लिहिले होते की दात-ओठ खाऊन, हे स्क्रीनशॉट सांगत नाही, ते पुन्हा आठवणीनेच भरावं लागतं. आणि बायकोसमोर तीन वर्षांपूर्वीचा पुरावा टाकून जो माणूस वाद जिंकतो, तो नेमकं काय जिंकतो हे त्याने स्वतःला विचारावं.

मग करायचं काय? माझ्या परीने मी चार गोष्टी करतो, जमल्यास बघा. एक, महत्त्वाचं काही घडलं की त्याच दिवशी चार ओळी लिहून ठेवायच्या. पहिली नोंद सगळ्यात कमी भेसळीची असते. दोन, बिघाडाच्या मीटिंगआधी प्रत्येकाने आपापली टाइमलाइन स्वतंत्र लिहून पाठवायची, आणि साहेबांनी सगळ्यात शेवटी बोलायचं. तीन, प्रश्न विचारताना उत्तर आत कोंबायचं नाही. १९७४ साली एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी अपघाताची फिल्म दाखवून गाड्यांचा वेग विचारला. 'धडकल्या' ऐवजी 'चुराडा होईल अशा आदळल्या' अशा अर्थाचं क्रियापद वापरलं, तर लोकांनी सांगितलेला सरासरी वेग ताशी ३४ मैलांवरून जवळजवळ ४१ वर गेला. आठवड्याने फिल्ममध्ये नसलेल्या फुटक्या काचाही काहींना आठवल्या! म्हणून 'तू चिडून का गेलास?' असं विचारायच्या ऐवजी 'तेव्हा काय झालं?' एवढंच विचारायचं. आणि चार, 'मला चांगलं आठवतंय' च्या जागी 'मला असं आठवतंय' म्हणायचं. एका शब्दाचा फरक आहे. पण 'असं' म्हटलं की समोरच्याला 'मला जरा वेगळं आठवतंय' म्हणायला जागा मिळते. 'चांगलं' म्हटलं की त्याच्याकडे भांडण किंवा माघार एवढेच पर्याय उरतात.

एवढ्याशा गोष्टीने काय होणार, असं वाटत असेल तर माझ्या दोन काकांचं सांगतो. कोकणातल्या घराबद्दल आजोबा शेवटच्या आजारपणात काहीतरी बोलले. दोघेही उशाशी होते. मोठ्या काकांना आठवतं, 'घर विकू नका' म्हणाले. धाकट्यांना आठवतं, 'घरापायी भांडू नका' म्हणाले. कागदावर काही नाही, तिसरा साक्षीदार नाही. मी दोघांकडूनही ती गोष्ट बऱ्याचदा ऐकलीय, आणि सांगताना दोघांच्याही डोळ्यांत पाणी येतं. त्यातलं कुणीच खोटं बोलत नाही याबद्दल मला शंका नाही. अकरा वर्षं दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. घराचं छप्पर एव्हाना दोन ठिकाणी बसलंय.

आजोबा नक्की काय म्हणाले ते आता कुणालाच कळणार नाही. पण त्या अकरा वर्षांत दोघांपैकी एकाने जरी 'दादा, मला असं आठवतंय, तुला काय आठवतंय?' असा फोन केला असता, तर निदान छप्पर तरी शाकारून झालं असतं.